क्रिकेटचं घड्याळ घरी बनवायचंय? सेशनचा डायल, ओव्हरची रिंग आणि बॉलच्या शिलाईचा पट्टा

क्रिकेटचं घड्याळ म्हटलं की नेटवर काय मिळतं बघा, डायलच्या मधोमध बॅट, बाजूला लाल बॉल, आकड्यांच्या जागी बारा बॉल आणि काट्यांना स्टंपचा आकार. बर्थडे केकसारखं दिसतं राव. आणि वेळ बघायला गेलं तर काटा कुठला आणि चित्र कुठलं तेच कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की क्रिकेटची चित्रं नका चिकटवू, क्रिकेटची वेळ डायलवर आणा. हा खेळच घड्याळावर चालतो की, अंपायर सकाळी "प्ले" म्हणतो आणि संध्याकाळी "टाइम" म्हणून बेल्स उतरवतो. लॉर्ड्सच्या मैदानावर १९२६ पासून जो वाऱ्याची दिशा दाखवणारा पुतळा आहे तो म्हणजे काळबाबा (फादर टाइम), वाकून स्टंपवरच्या बेल्स काढणारा. म्हणजे घड्याळ आणि क्रिकेट यांची सोयरीक जुनीच आहे, आपण फक्त ती मनगटावर आणायची.

मी हे दोनदा केलंय. पहिलं अण्णांच्या एचएमटी जनतावर, म्हणजे जुन्या चावीच्या घड्याळावर. २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा ते घड्याळ कपाटाच्या खालच्या खणात होतं, घड्याळवाल्या मामांनी मशीन खोलून धुवून चालू करून दिलं पण डायलवर चिखलाचे डाग कायमचे. नवा डायल करायचाच होता, मग म्हटलं क्रिकेटचाच करू. सांगली ही विजय हजारेंची जन्मभूमी, आणि स्मृती मानधना तर इथंच लहानाची मोठी झाली, तेव्हा असलं घड्याळ सांगलीत नाही करायचं तर कुठं. दुसरं घड्याळ नव्या मशीनवर, फिरणाऱ्या रिंगवालं, त्याचं पुढं सांगतो.

आधी कागदावर हिशोब

आपल्याकडची टेस्ट बहुतेक वेळा साडेनऊला सुरू होते. ११:३० ला लंच, ४० मिनिटं. १२:१० ते २:१० दुसरं सेशन, मग २० मिनिटं चहा, २:३० ते ४:३० तिसरं. आता गंमत अशी की साडेनऊ ते साडेचार म्हणजे सात तास, बारा तासांच्या डायलवर हे कुठंही एकमेकांवर चढत नाही. म्हणजे अख्खा टेस्टचा दिवस एका गोल पट्टीत बसतो आणि तासकाटा त्या पट्टीवरून फिरताना सांगतो की आत्ता कुठलं सेशन चालू आहे.

तासकाटा एका तासात ३० अंश फिरतो, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. १२ च्या जागी शून्य धरलं की साडेनऊ येतं २८५ अंशांवर, लंच सुरू ३४५ वर, लंच संपतं ५ वर, चहा ६५ ते ७५, आणि खेळ संपतो १३५ वर. प्रत्येक सेशन बरोबर ६० अंश, लंच २०, चहा १०. बेरीज २१० अंश. उरलेले १५० अंश मोकळे सोडा, तिथं काहीही भरू नका, सहाच्या वर नाव-बिव टाकायचं असेल तर तेवढी जागा आहे.

इथं माझी पहिली चूक झाली ती सांगून ठेवतो. डिझाईनच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये शून्य अंश बाराच्या जागी नसतो, तीनच्या जागी असतो, आणि काही ठिकाणी अंश उलटे मोजतात. मी २८५ तसाच टाकला, सगळा दिवस ९० अंश सरकला, साडेबाराला खेळ सुरू आणि अडीचला लंच. अण्णांनी प्रिंट बघितली आणि म्हणाले, "अडीचला जेवण? टेस्ट मॅच हाय का लग्नाची पंगत?" तर प्रिंट काढायच्या आधी एकदा साध्या कागदावर काढा, खरं घड्याळ शेजारी धरा आणि ११:३० ला तासकाटा कुठं येतो ते डोळ्यानं बघा.

अजून एक, ही पट्टी डायलच्या कडेला नका देऊ. ती वाचायची आहे तासकाट्यानं आणि तासकाटा आखूड असतो, कडेला दिली की डोळा आपोआप मिनिटकाट्याकडं जातो आणि गोंधळ. तासकाट्याचं टोक जिथं पोचतं तिथंच पट्टी पाहिजे, माझ्याकडं ती मध्यापासून ८ ते ९.५ मिलिमीटरवर आली. तिथं चहाची पट्टी जेमतेम दीड मिलिमीटर लांब दिसते, पण दिसते.

मैदान, आणि ते पण खऱ्या मापात

हा भाग मला सगळ्यात आवडला त्यामुळं जरा लांबड लावतो. दुसऱ्या घड्याळाचा डायल २८.५ मिमीचा, त्याची कड केसच्या आत जाते, दिसतो साधारण २८. म्हणजे त्रिज्या १४. आता १ मिलिमीटर म्हणजे ५ मीटर धरा, १४ मिमी म्हणजे ७० मीटर, आणि पिचच्या मध्यापासून ७० मीटरवर बाउंड्री हे एकदम खऱ्या मैदानासारखं आहे. म्हणजे डायलची कड हीच बाउंड्रीची दोरी.

याच मापात ३० यार्डाचं सर्कल काढा. लोक ते गोल काढतात, ते गोल नसतं! दोन्हीकडच्या मधल्या स्टंपपासून ३० यार्डांचं म्हणजे २७.४३ मीटरचं एकेक अर्धवर्तुळ, आणि दोन्ही अर्धवर्तुळं सरळ रेषेनं जोडलेली. कॅप्सूलच्या गोळीसारखा आकार. आपल्या मापात ते १५ मिमी लांब आणि ११ मिमी रुंद येतं, लांब बाजू १२ ते ६ अशी उभी ठेवा. ते बरोबर सेशनच्या पट्टीच्या आत बसतं, मी काही ठरवून केलं नव्हतं, आपोआप बसलं, त्या रात्री झोप लागली नाही.

पिचचं मात्र दुखणं आहे. २२ यार्ड म्हणजे २०.१२ मीटर, मापात फक्त ४ मिमी. रुंदी १० फूट, म्हणजे ०.६ मिमी. आणि मधोमध काट्यांचा गोल बूड बसतो, तो पिचचा बराचसा भाग झाकून टाकतो, दोन्ही बाजूला नखाएवढी टोकं उरतात. पिच मोठी काढायचा मोह होतो. मी केली नाही. स्टंपची रुंदी ९ इंच, ती या मापात ०.०५ मिमी पण भरत नाही, म्हणजे छापता येणारच नाही, तो नाद सोडा. तुम्हाला माप नको असेल तर पिच १४ मिमी लांब घ्या, मग रुंदी २.१ येईल आणि क्रीज स्टंपपासून साधारण ०.८५ वर, हे पण छान दिसतं, पण मग ३० यार्डाचं सर्कल विसरा, ते डायलच्या बाहेर जाईल.

घड्याळ कुठलं घ्यायचं

पहिल्यांदाच करत असाल तर आठवडी बाजारातलं स्वस्तातलं सेलचं घड्याळ घ्या आणि त्याच्यावर हात साफ करा, काटे काढणं-बसवणं दहा वेळा करा. घरातलं जुनं चांगलं घड्याळ पहिल्या फटक्यात उघडू नका, आणि त्याचा मूळ डायल धड असेल तर तो घासू तर अजिबात नका, दुसरा डायल करा आणि मूळचा कागदात गुंडाळून ठेवा. एचएमटीनं घड्याळं बनवायला १९६१ ला बंगळुरात सिटिझनच्या मदतीनं सुरुवात केली, आता ती फॅक्टरी बंद झाली, म्हणजे चांगला डायल गेला की गेला. आमचा पुरानं आधीच खाल्ला होता म्हणून मी घासला.

नवीन करायचं असेल तर सेको कंपनीचं एनएच ३८ मशीन बघा. ऑटोमॅटिक म्हणजे मनगट हललं की आपोआप चावी भरणारं, २४ ज्वेल, पूर्ण चावी भरली की साधारण ४१ तास चालतं. एनएच ३५ पण तेच आहे पण त्याला तारीख असते, आणि तारखेची खिडकी येते तीनच्या जागी, ती सगळ्या मैदानाची वाट लावते. ३८ ला तारीख नाही, मैदान मोकळं. या मशीनचे सुटे काटे, केस, काचा सगळं ऑनलाइन मिळतं. काट्याच्या भोकाची मापं लक्षात ठेवा: तासकाटा १.५ मिमी, मिनिटकाटा ०.९, सेकंदकाटा ०.२. दुसऱ्या मशीनचे काटे बसत नाहीत, दाबून तर मुळीच बसवू नका.

फाईल आणि छपाई

व्हर्निअर (बारीक मापं मोजायची पट्टी) घ्या, डायलचा व्यास, मधलं भोक, मागचे दोन पाय कुठं आहेत ते मोजा. पाय म्हणजे डायलच्या मागं असलेल्या दोन बारीक तारा, त्या मशीनच्या भोकात बसतात. नवीन पत्र्याचा डायल केला तर पाय झाळायला लागतात आणि ते आपल्याच्यानं होत नाही, त्यामुळं जुन्या किंवा साध्या डायलवरच छापणं सोपं. नाहीतर डायल दोन बाजूंनी चिकटणाऱ्या बारीक टिकल्यांनी मशीनवर बसवतात, चालतं, पण सरळ बसवताना जीव जातो.

फाईल कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये करा म्हणजे इथल्या कुठल्याही प्रिंटिंगवाल्याकडं उघडते. रेषांची फाईलच द्या, फोटो नको. फोटोच द्यायचा झाला तर १२०० डीपीआयला २८.५ मिमी म्हणजे साधारण १३४६ पिक्सेल. ०.१ मिमीपेक्षा बारीक रेष नको. आणि मराठी अक्षरं टाकणार असाल, मी साडेनऊच्या टोकाला "प्ले" आणि साडेचारच्या टोकाला "टाइम" टाकलंय, तर अक्षर जरा मोठं आणि जाडी कमी ठेवा, नाहीतर मात्रा आणि वेलांटी शाईनं भरून जातात आणि "टाइम"चं काहीतरी भलतंच होतं.

रंग कमी वापरा. मैदान गडद हिरवं, पण स्क्रीनवर जो हिरवा दिसतो तो छापल्यावर काळपट येतो, एका ठिकाणी मला इतका काळा आणून दिला की डे-नाइट मॅच वाटत होती, तेव्हा दोन-तीन छटा आधी छापून बघा. खेळाचं सेशन क्रीम रंगात, जुन्या फ्लॅनेलचा असतो तसा, पांढराशुभ्र नको. लंचची पट्टी हळदीच्या पिवळ्या रंगात दिली, सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तिचा रंग लंचला नाही वापरायचा तर कशाला. चहा चहाच्या रंगात. लाल फक्त एकाच ठिकाणी, सेकंदकाट्याच्या टोकाला, तोच बॉल. आणि हो, १८ व्या मिनिटावर एक बारीक निळा ठिपका आहे, ज्याला कळायचं त्याला कळतं.

छपाई यूव्ही फ्लॅटबेड मशीनवर, ट्रॉफ्या आणि मोबाईल कव्हर छापणाऱ्यांकडं असतं. जुना डायल आधी थिनरनं पुसा, ८०० मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाण्यात घासा, पांढरा प्रायमर एक हात मारा. मागचे पाय असल्यामुळं डायल मशीनवर सपाट बसत नाही, त्यासाठी ॲक्रिलिकच्या तुकड्याला दोन भोकं पाडून त्यात पाय बसवा, तो तुकडाच प्रिंटिंगवाल्याला द्या. आधी पारदर्शक फिल्मवर प्रिंट काढून डायलवर ठेवून बघा, भोक मधोमध आलं की मगच खरी छपाई. वरून लॅकरचे दोन पातळ हात, आणि रात्रभर वाटी पालथी घालून ठेवा, धूळ बसली की झालं परत घासणं.

फुटलेल्या बॅटचा लाकडी पापुद्रा काढून डायल करायची आयडिया खूप जण देतात. मीपण करून बघितलं. विलो मऊ लाकूड, पावसाळ्यात फुगतं आणि त्याचे तंतू सुटून मशीनमध्ये जातात. ते लाकूड घड्याळाच्या डबीला लावा.

आणि बोर्डाचा, आयसीसीचा, कुठल्या टीमचा लोगो टाकू नका. विकायला गेलात तर थेट ट्रेडमार्कच्या भानगडीत अडकाल.

उघडणं आणि काटे

पंखा बंद. एप्रिल-मे मध्ये सांगलीत पंखा बंद करून बसणं म्हणजे शिक्षाच आहे, म्हणून पहाटे करा किंवा पावसाळ्यात करा, पण वाऱ्यानं सेकंदकाटा उडाला तर तो परत मिळत नाही. घामाचं बोट डायलला लागलं तर ठसा कायमचा, बोटाला रबरी टोप्या घाला. खाली पांढरी चादर, डोळ्याला भिंग, एक पितळी चिमटा.

चावी ओढून तिन्ही काटे बाराच्या जागी एकावर एक आणा. प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा मधे चिरून काट्यांखाली सरकवा म्हणजे डायलला ओरखडा येत नाही, मग दोन्ही बाजूनं दोन पट्ट्यांनी सारखा जोर देऊन वर उचला. जुन्या चावीच्या घड्याळात चावीची दांडी काढायला एक स्क्रू असतो, तो अर्धा-एक वळसाच सैल करायचा, पूर्ण काढला तर आतला लिव्हर सुटतो आणि मग मामांकडं जाऊन बोलणी खायची. डायलचे पाय पण मशीनच्या कडेच्या दोन बारीक स्क्रूंनी धरलेले असतात. एनएच मध्ये स्क्रूची भानगड नाही, पाय प्लास्टिकच्या रिंगमध्ये नुसते दाबून बसतात.

परत बसवताना आधी तासकाटा, बरोबर बाराला. हे आपल्या डिझाईनमध्ये जास्त महत्त्वाचं आहे कारण तासकाटा अर्धा अंश चुकला तर लंच एक मिनिट चुकलं, तीन अंश चुकला तर सहा मिनिटं. मग मिनिटकाटा, तोही बाराला, आणि चावीनं पूर्ण बारा तास फिरवून प्रत्येक तासाला दोन्ही बरोबर जागेवर येतात का बघा. आडवं धरून बघा की काटे एकमेकांना घासत नाहीत. सेकंदकाटा सगळ्यात शेवटी, त्याचं भोक ०.२ मिमीचं, श्वास रोखून. त्याच्या टोकाला लाल रंग सुईच्या टोकानं नुसता टेकवायचा, खरा बॉल दिसावा म्हणून थेंब ठेवला की टोक जड होतं आणि सेलच्या घड्याळात तर काटा अडखळायला लागतो.

झाकण लावायच्या आधी हवेचा फुगा मारून धूळ उडवा, रबरी वॉशरला सिलिकॉन ग्रीस लावा. पाण्याची टेस्ट केल्याशिवाय पावसात घालू नका, आमच्या घड्याळानं एकदा कृष्णा बघितली आहे, बास झालं.

ओव्हरची रिंग

हे स्कोअरर आणि अंपायर लोकांसाठी, मी रविवारी लोकल मॅचला स्कोअरिंग करतो म्हणून दुसऱ्या घड्याळाला डायव्हर टाइप केस घेतली, बाहेर फिरणारी रिंग असलेली. टेस्टमध्ये दिवसाला सहा तासांत ९० ओव्हर, तासाला १५, म्हणजे एका ओव्हरला ४ मिनिटं. मग रिंगवर ६० मिनिटांच्या खुणांऐवजी १५ खुणा, प्रत्येक २४ अंशांवर. खेळ सुरू झाला की रिंगचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. मिनिटकाटा ७ च्या खुणेवर आला आणि फळ्यावर अजून ५ ओव्हर दिसत असतील तर कॅप्टनला हाक मारायची. तासानंतर परत शून्यापासून, १५ मिळवून वाचायचं. टी-ट्वेंटीला आयसीसीच्या नियमात २० ओव्हरला ८५ मिनिटं असतात, तिथं ओव्हर सव्वाचार मिनिटांची होते, त्यामुळं ही रिंग थोडी कडक पडते, कडकच बरी.

ज्यांना स्कोअरिंग नाही करायचं, फक्त मॅच बघायची आहे, त्यांनी सेशनची पट्टीच डायलऐवजी या फिरत्या रिंगवर छापावी, कडेला आली तरी वाचायची तासकाट्यानंच हे तेवढं लक्षात ठेवा. इंग्लंडची टेस्ट तिथल्या ११ ला म्हणजे आपल्या साडेतीनला, मेलबर्नची बॉक्सिंग डे टेस्ट आपल्या पहाटे पाचला, सेशनचा ढाचा तोच असतो, १२०-४०-१२०-२०-१२० मिनिटं, त्यामुळं रिंगची सुरुवात तिथं फिरवून ठेवली की काम झालं. अट एकच, रिंग दोन्हीकडं फिरणारी घ्या.

पट्टा

लाल चामडं, पांढरी शिलाई. बॉलच्या सीमला टाक्यांच्या सहा ओळी असतात, २० मिमीच्या पट्ट्यावर दीड-दोन मिमी अंतरानं त्या आरामात बसतात. पण सहा ओळी म्हणजे शेकडो भोकं, चामडं फाटतं. म्हणून दोन थर: वरचा लाल थर शिवून घ्या, मग खाली अखंड पातळ अस्तर चिकटवून कडेनं एक शिलाई. आणि सीम फक्त वरच्या बाजूच्या, बकलवाल्या आखूड तुकड्यावर घ्या, कारण खालच्या लांब तुकड्याला मधोमध बकलची भोकं असतात, ती सीमच्या बरोबर मधून जातात आणि सगळी मजा घालवतात. मेणाचा दोरा वापरा. कोल्हापुरी चपलेचं जीआय महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना आहे आणि त्यात सांगली-सातारा दोन्ही आहेत, म्हणजे चामड्याचा हात असलेला माणूस जवळच सापडतो, फक्त चपलेचं जाड चामडं घेऊ नका, मनगटाला वळत नाही.

पट्ट्याच्या पिना स्वस्तातल्या घेऊ नका. २०२३ च्या वर्ल्ड कपला दिल्लीत श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजच्या हेल्मेटचा पट्टा तुटला आणि दोन मिनिटं उलटल्यामुळं तो टाइम्ड आउट झाला, इंटरनॅशनल क्रिकेटमधला पहिलाच. तुमचा तुटला तर घड्याळ फरशीवर जाईल.

मॅचच्या दिवशी

आधी दोन-तीन दिवस घड्याळ मोबाईलच्या वेळेशी लावून किती पुढं-मागं जातंय बघा. चावीच्या घड्याळाला रोज सकाळी एकाच वेळी चावी द्या. मग टेस्टच्या दिवशी टीव्हीसमोर बसून ताडून बघा. ११:३० ला तासकाटा हळदीत शिरला आणि समोर बॉलिंग चालूच असेल तर लगेच मागचं झाकण उघडू नका, चालू ओव्हर पूर्ण करूनच लंच होतं. चहाला ९ विकेट गेलेल्या असतील तर चहा अर्धा तासापर्यंत पुढं जाऊ शकतो. आणि नोव्हेंबर २०२५ ला गुवाहाटीत साउथ आफ्रिकेविरुद्धची टेस्ट लवकर मावळतं म्हणून नऊला सुरू झाली, ११ ला आधी चहा आणि १:२० ला लंच. अण्णा मनगटाकडं बघून म्हणाले, "तुझं घड्याळ बिघडलं." मी आता त्या उलट्या दिवसासाठी दुसरी रिंग छापायला टाकली आहे, १२०-२०-१२०-४०-१२० ची.